एका सत्रात जपानी हातकागद शिकायचा तर हात कुठून घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकणारी एक विद्यार्थिनी ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी जपानच्या विद्यापीठात जाते आहे. तिथे बारा जणांचा गट वाशी, म्हणजे जपानी हातकागद करणाऱ्या एका कार्यशाळेसोबत प्रकल्प करणार आहे आणि शेवटी कागदाच्या दिव्यांचं प्रदर्शन भरणार आहे. पंधरा आठवड्यांत खरंच काही हाती लागेल का, तयारी काय करायची आणि काम कुठे बिघडतं, असं तिने विचारलं आहे.

आधी स्पष्ट सांगतो, पंधरा आठवड्यांत कुणी कागदी, म्हणजे कागद करणारा कारागीर, होत नाही. जपानमध्ये ‘देन्तो कोगेइशी’ म्हणजे प्रमाणित पारंपरिक कारागीर होण्याच्या परीक्षेला बसायचं तरी बारा वर्षांचा अनुभव लागतो. पण झाडाच्या सालीपासून सुक्या कागदापर्यंतचा एक घाणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने काढता येतो. हाती आलेल्या प्रत्येक कागदात काय चुकलं आणि ते कोणत्या पायरीवर चुकलं, हेही सांगता येण्याइतकी नजर येते. एका सत्रात एवढं साधलं तर ते पुष्कळ आहे. त्यासाठी वेळ योग्य जागी घालवावा लागतो. बहुतेक गट लगद्याच्या हौदापाशी उभं राहून कागद उचलायची चौकट हलवायला अधीर असतात आणि साल शिजवणं, निवडणं, कुटणं एका दुपारी उरकतात. हौदावर दिसणारे निम्म्याहून जास्त दोष तिथेच जन्माला आलेले असतात.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये निघताय हे फार चांगलं. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिल्या सत्राचा शेवट जून-जुलैच्या दमट पावसात येतो. कागदासाठी तो काळ सगळ्यात वाईट. दुसरं सत्र मात्र कागदाच्या हंगामाबरोबर चालतं. ज्यांच्या सालीचा हा कागद होतो ती कोझो, म्हणजे कागदी तुतीची झुडपं, पानं गळल्यावर डिसेंबर-जानेवारीत छाटतात. तोरोरो-आओई या झाडाची मुळं त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास खणून निघतात. आणि पाणी गार होत जातं, जे या कामाला हवंच असतं.

पाणी गार का हवं, हे नीट समजून घ्या. या कागदाचं मर्म त्यातच आहे. तोरोरो-आओई हे आपल्या भेंडीचं सख्खं भावंड. त्याची मुळं ठेचून गार पाण्यात रात्रभर ठेवली की भेंडी चिरताना सुटतो तसा बुळबुळीत रस सुटतो. त्याला ‘नेरी’ म्हणतात. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी वर काढायला भेंडीचा चिकट रस टाकतात, त्यामुळे हा पदार्थ आपल्याला परका नाही. नेरीला डिंक समजण्याची चूक बहुतेक जण करतात. तिचं काम चिकटवण्याचं नाहीच. ती पाणी दाट, बुळबुळीत करते, त्यामुळे लांब तंतू हौदात तळाशी न बसता सुटे तरंगत राहतात आणि चौकटीतून पाणी हळू झरतं. कारागिराला चौकट झुलवायला जी काही सेकंदं मिळतात ती नेरीमुळे. शिवाय ओल्या कागदांची थप्पी मध्ये कापड न घालता रचूनही ते दुसऱ्या दिवशी एकेक करून सुटतात, तेही नेरीमुळेच. उष्णता लागली की मात्र हा बुळबुळीतपणा मरतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की सकाळी बरोबर असलेला हौद दुपारपर्यंत पातळ झालेला असतो. म्हणून जुने कागदी कडाक्याच्या थंडीतल्या कागदाला सगळ्यात चांगला मानतात.

प्रमाण सांगायचं तर १ किलो ठेचलेली मुळं १० लिटर गार पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती पिशवीतून दोनदा गाळा. पिळू नका, पिळलं की मुळांचे तुकडे उतरतात आणि कागदात तपकिरी ठिपके होऊन बसतात. हौदात किती नेरी टाकायची हे कारागीर हात बुडवून, बोटांवरून ओघळणारं पाणी बघून ठरवतो. तुम्हाला तो अंदाज यायला वेळ लागेल, तोवर घड्याळ वापरा. छोट्या चौकटीत बोटभर पाणी घ्या आणि ते झरायला किती सेकंद लागतात ते मोजा. नुसतं पाणी दोन-तीन सेकंदांत पळतं. दहा-पंधरा सेकंद रेंगाळलं तर नवशिक्याला काम करता येतं. दर अर्ध्या तासाने हा आकडा आणि पाण्याचं तापमान वहीत लिहा. तुमच्या गटाकडची सगळ्यात उपयोगी नोंद हीच असेल.

आता साल किती घ्यायची. मोठी चौकट ६० बाय ९० सेंटिमीटरची असते. तिच्यात तीन सेंटिमीटर पाणी भरलं तरी १६ किलो वजन झालं. कार्यशाळेत ती छताजवळच्या लवचीक बांबूंना दोरीने टांगलेली असते ती यासाठीच. शिकायला ३३ बाय ४८ची चौकट घ्या, तिच्यात पाच किलोच्या आत काम होतं. प्रत्येकाने छोटे दहा आणि मोठे दोन कागद उचलायचे असं धरलं तर छोटे १२० आणि मोठे २४ होतात. दिव्याला ३० ग्रॅम प्रति चौरस मीटर जाडी पुरते. म्हणजे छोटा कागद साधारण पावणेपाच ग्रॅमचा, मोठा १६ ग्रॅमचा. सगळे मिळून जवळपास १ किलो सुका कागद. पांढरी साल, म्हणजे वरची काळी पापडी खरवडलेली साल, शिजवून धुतली की वजन साधारण निम्मं उरतं, आणि हौदात, गाळणीत, फाटलेल्या कागदांत आणखी जातं. म्हणून ३ किलो सुकी पांढरी साल घ्या. ती तयार विकत मिळते. तरी जानेवारीत कार्यशाळेत फांद्या वाफवण्याचं काम निघालं तर एक दिवस तरी त्यात हात घालाच. सारख्या लांबीच्या कापलेल्या मोळ्या लाकडी पिंपाखाली सुमारे दोन तास वाफवतात आणि गरम असतानाच साल एका ओढीत सोलतात, निवली की ती लाकडाला धरून बसते. मग सुकवायची, पुन्हा भिजवायची, वरची काळी पापडी सुरीने खरवडायची. १०० किलो ओल्या फांद्यांतून शेवटी जेमतेम चार-पाच किलो कागद निघतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ओला कागद फाटल्यावर टाकून न देता परत हौदात सोडायची सवय आपोआप लागते.

शिजवणं. ३ किलो साल आदल्या दिवशी भिजत घाला. स्टेनलेस किंवा एनॅमलच्या मोठ्या भांड्यात ४० लिटर पाणी तापवून त्यात ४५० ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे सुक्या सालीच्या १५ टक्के, विरघळवा आणि मग साल सोडा. ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, अल्कली त्याला खाते. लोखंडाचं घेतलं तर कागदावर गंजाचे डाग पडतात. दोन तास मंद उकळी, दर अर्ध्या तासाने सालीची खालची बाजू वर. झालं की नाही ते बघायला एक पट्टी काढा, धुवा आणि रुंदीच्या दिशेने दोन बोटांनी हलकेच ताणा. कोळ्याच्या जाळीसारखे तंतू उलगडले तर शिजली. ताणताना ‘चट’ असा आवाज आला किंवा मध्ये पट्ट्या तशाच राहिल्या तर अजून अर्धा तास. आच बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच मुरू द्या. हातमोजे आणि चष्मा हवाच, उकळता सोडा डोळ्यात उडाला तर खेळ नाही.

कमी शिजलेल्या सालीच्या गाठी पुढे कितीही कुटल्या तरी फुटत नाहीत. जास्त शिजली, किंवा घाईने कॉस्टिक सोडा वापरला, की साल मऊ होते, काम भराभर होतं आणि कागद दुबळा होतो. पांढराशुभ्र कागद हवा म्हणून ब्लीच टाकायचा मोह टाळा. वाहत्या पाण्यात धुताना ऊन मिळालं तर साल आपसूक उजळते; तिचा मूळ कोमट, पिवळसर पांढरा रंग दिव्यामागे फार सुंदर दिसतो. पाणी नितळ येईपर्यंत, म्हणजे अर्धा ते एक दिवस, धुवायचं.

आता ज्या कामाला विद्यार्थी सगळ्यात जास्त कंटाळतात ते, ‘चिरितोरी’. शिजलेली साल उथळ, गार पाण्यात तरंगत ठेवायची आणि एकेक पट्टी बोटांवर पसरून तिच्यातला काळ्या सालीचा कण, फांदीच्या डोळ्याची गाठ, किड्याने खाल्लेला तपकिरी भाग नखाने किंवा चिमट्याने काढायचा. पट्टी पाण्याबाहेर नाही, पाण्यातच बघायची. पाण्यात ती फुलते, अर्धपारदर्शक होते आणि आत दडलेला ठिपका वर येतो. बाहेर काढली की तोच ठिपका ओल्या तंतूंखाली लपतो. दिवा शेजारून असावा, डोक्यावरून नको. नवख्या हाताने तासाला ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त साल नीट होत नाही. म्हणजे ३ किलोला सुमारे ४५ तास, बारा जणांत प्रत्येकी चार तासांच्या आसपास. तेवढा वेळ आराखड्यात लिहून ठेवा, नाहीतर तो मिळत नाही. निवडून होईपर्यंत साल गार पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. चार-पाच दिवसांत संपवा, आंबूस वास आला की तंतू कुजायला लागले.

या कामाला इतका वेळ का द्यायचा? सुटलेला एक कण कुटताना दहा कणांत फुटतो आणि दहा कागदांवर जाऊन बसतो, त्यातले नऊ दुसऱ्या कुणाचे असतात. सामूहिक प्रकल्प म्हणतात तो इथे सुरू होतो. शिवाय बाराही जण चार तास एका पाण्याभोवती बसतात, कारागीर मधूनच येऊन कुणाची तरी पट्टी उचलून एक राहिलेला ठिपका दाखवतो. जपानी कार्यशाळेत बघून शिकण्यावर भर असतो, तोंडी समजावणं कमी. बघायला सगळ्यात जास्त सवड याच चार तासांत मिळते.

कुटायला जाड, गुळगुळीत लाकडी फळी किंवा दगड आणि धुणं धुवायच्या मोगरीसारखी लाकडी मोगरी. ओला गोळा पसरायचा, कडेकडेने मध्यापर्यंत कुटत यायचं, घडी घालायची, फिरवायचा, पुन्हा. चौघांनी मिळून एका गोळ्यावर तालात कुटलं तर दमछाक कमी होते. अर्ध्या तासानंतर तपासायला सुरुवात करा. बरणीत पाणी घेऊन चिमूटभर लगदा टाका, हलवा आणि उजेडासमोर धरा. धुक्यासारखा सारखा पसरला की पुरे. दोऱ्यासारख्या वळ्या दिसल्या तर आणखी कुटा. कोझोचा तंतू साधारण १० मिलिमीटर लांब असतो, लाकडाच्या लगद्याचा एक ते तीन. ही लांबीच या कागदाची ताकद आहे. म्हणून घरगुती मिक्सर वापरू नका, त्याची पाती तंतू सुटा न करता कापून टाकतात. तयार झालेला कागद दिसायला तसाच वाटतो आणि घडीवर तुटतो.

हौदात १०० लिटर पाण्याला सुमारे ३०० ग्रॅम (सुक्या वजनाने) लगदा घालून सुरुवात करा. आधी नेरी न घालता मोठ्या लाकडी फणीने जोरात ढवळून तंतू पूर्ण सुटे करायचे. त्यानंतरच नेरी घालून काठीने थोडं ढवळायचं. हा क्रम उलटा केला तर गाठी नेरीत सुरक्षित बसून राहतात. आणि नेरी घातल्यावर फार वेळ घुसळलं तर तिचा चिकटपणाही तुटतो आणि लांब तंतू एकमेकांभोवती पिळून दोऱ्या होतात.

चौकटीचे दोन भाग. ‘केता’ ही बिजागरीची लाकडी चौकट, आणि तिच्यात बसणारी ‘सु’, म्हणजे बांबूच्या बारीक काड्या रेशमी धाग्याने विणलेली चिक. सु बनवणारे हात जपानमध्ये फार थोडे उरले आहेत, तेव्हा तिला तान्ह्या मुलासारखं जपा. गरम पाणी नको, घासणी नको, एका कडेवर उभी ठेवायची नाही. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या दाराशीच काढा. रेशमाच्या धाग्यात अंगठीचा काटा अडकला तर नुकसान भरून येत नाही. हाताला क्रीम लावून येऊ नका, तेलकट ठिपके कागदावर उतरतात.

उचलण्याच्या या पद्धतीला ‘नागाशिझुकी’ म्हणतात, म्हणजे पाणी वाहतं ठेवून कागद घडवणं. तिचे तीन टप्पे आहेत. गावागावांत नावं बदलतात. पहिलं पाणी पातळ आणि झपकन घ्यायचं, चिकेवरून लाटेसारखं पुढे सरकवून पलीकडे फेकायचं. हा पातळ थर म्हणजे कागदाचा चेहरा. इथे हात रेंगाळला तर चेहरा ढगाळ होतो आणि पुढचे सगळे थर त्याच ढगांवर बसतात. दुसरा टप्पा ‘चोशी’, म्हणजे लय. जास्त पाणी घ्यायचं, पुढे-मागे झुलवायचं, थोडं सोडायचं, पुन्हा घ्यायचं, जाडी येईपर्यंत. जपानमधल्या मिनो शहराच्या ‘होन-मिनोशी’ या कागदात पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे असं दोन्ही झुलवतात, म्हणून त्याचे तंतू विणल्यासारखे बसतात आणि उजेडासमोर तो एकसारखा दिसतो. तिसरा टप्पा ‘सुतेमिझु’, टाकून द्यायचं पाणी. पुरेशी जाडी आली की वर उरलेलं पाणी एका झटक्यात पलीकडे उडवायचं, त्याबरोबर वर तरंगणारा कचरा आणि गाठी जातात. नवशिके हे पाणी चिकेतूनच झरू देतात आणि सगळा कचरा कागदावर मावळतो.

झुलवताना खांद्यांनी नाही, गुडघे आणि कमरेने झुलवा. लाट चिकेच्या कडेला आपटून परत येते, तिला परतायला वेळ द्यायचा आणि ती आली की पुढची ढकल. कान उघडे ठेवा. लय बरोबर असली की पाण्याचा आवाज सारखा येतो, बिघडली की खळखळाट होतो.

दोष ओळखायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कागदात गोल, पातळ खिडकीसारखा डाग म्हणजे ओल्या थरावर हातावरून किंवा चौकटीवरून पाण्याचा थेंब पडला. एक बाजू जाड म्हणजे चौकट एका हाताला कललेली. ढगाळपणा म्हणजे नेरी कमी पडली किंवा पहिलं पाणी सावकाश घेतलं. सगळीकडे दोऱ्या म्हणजे जास्त ढवळलं किंवा कमी कुटलं. पाणी झरतच नाही, तर नेरी जास्त झाली. ताजं पाणी घाला. प्रत्येक सुका कागद ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने वजन आणि क्रमांक लिहा. पहिल्या दहांत कुणाचा तीन ग्रॅमचा येईल, कुणाचा आठचा. पावणेपाचच्या अर्धा ग्रॅम इकडेतिकडे सलग पाच आले की मोठ्या चौकटीला हात लावायला हरकत नाही. त्याआधी नको.

चिक उलटी करून कागद थप्पीवर ठेवताना जवळची कड आधी टेकवा आणि पलीकडे हळूहळू उतरवत न्या, चटई उलगडतो तशी. एकदम सगळी टेकवली की मध्ये हवा अडकते, आणि तो बुडबुडा दाबाखाली फुटून सुरकुती किंवा भोक होतो. दोन कागदांच्या मध्ये जवळच्या कडेला एक दोरा ठेवा. दुसऱ्या दिवशी कागद सोडवायला त्याची फार मदत होते.

थप्पीवर फळी ठेवून रात्रभर आपोआप निथळू द्या. दाब दुसऱ्या दिवशी, आणि तोही पाच-सहा तासांत थोडा थोडा वाढवत. गटाला घाई असते आणि सगळा दाब एका तासात दिला जातो. तसं केलं की आतलं पाणी वाट मिळेल तिथून बाजूने फुटतं, कागद सरकतात आणि दोन दिवसांचं काम एका ओल्या विटेत बदलतं. या एका चुकीवर उपाय नाही. लगदा परत हौदात, बस.

दाबलेला कागद कोपऱ्यातून उचलून फळीवर मऊ ब्रशने मध्यापासून बाहेर असा बसवतात. सुकवण्याच्या दोन पद्धती आहेत. लाकडी फळी उन्हात ठेवली तर कागद सावकाश सुकतो, मऊ राहतो, उन्हाने उजळतो आणि फळीच्या रेषा हलक्या उमटतात. वाफेने तापवलेल्या स्टीलच्या पत्र्यावर काही मिनिटांत सुकतो, ताठ आणि चकचकीत होतो. दिव्यासाठी दोन्ही करून बघा आणि शेजारी ठेवून तुलना करा. माझं मत फळीच्या बाजूने आहे, दिवा विझलेला असतानाही तो कागद बघावासा वाटतो.

दिव्याचं डिझाइन कागद हातात आल्यावर करा. आधी संगणकावर आकार ठरवून मग त्याला कागद शोधला की कागद नुसतं आवरण होऊन जातो. तुमच्या कागदाला दिशा असते. चौकट ज्या दिशेने झुलवली तिकडे तंतू जास्त, आणि त्या दिशेला तो सरळ फाटतो. घडी आणि ताण त्या हिशेबाने ठेवा. खळ गव्हाच्या स्टार्चची, एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवून मग चाळणीतून घासून घेतलेली. कागद ओला झाला की पसरतो आणि सुकताना आवळतो. म्हणून सैल चिकटवून, खळ वाळल्यावर वरून पाण्याचा फवारा मारला की तो ढोलाच्या चामड्यासारखा ताणला जातो. पण बांबूच्या पातळ कमच्यांचा सांगाडा या ताणाने पिळवटतो. आधी एक नमुना करून बघा. आत एलईडीच वापरा.

मिनो शहरात दर शरद ऋतूत वाशीच्या दिव्यांचं प्रदर्शन जुन्या गल्ल्यांतून भरतं, १९९४ पासून. जमल्यास तुमचा प्रकल्प सुरू होतानाच ते पाहून या. दिवे अंधारात, रस्त्यावर, माणसांच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेले असतात. कागदाचा ढगाळपणा, कण, सांधे, सगळं तिथे दिसतं.

कार्यशाळेशी कसं वागावं याबद्दल. कारागिरांना आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मारा. ‘सेन्सेई’ (गुरुजी) म्हणायचं का ते तिथले शिष्य काय म्हणतात ते ऐकून ठरवा. कार्यशाळेचा हिवाळा हा कमाईचा हंगाम आहे. बारा विद्यार्थी एक दिवस हौद अडवतात म्हणजे त्या दिवसाचं उत्पादन बुडतं. विद्यापीठ साल, नेरी आणि कारागिराच्या वेळेचे पैसे देतंय का, हे प्राध्यापकांना आधीच विचारा. देत नसेल तर गटाने ते मांडावं. फोटो विचारून काढा. आणि कागदाला नाव देताना जपून. जपानच्या १९७४ च्या कायद्याखाली साधारण १०० वर्षांपासून चालत आलेल्या कलांना पारंपरिक कलावस्तू म्हणून मान्यता मिळते, आणि तपासणीतून गेलेल्या मालावरच तिची खूण लागते. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती सेकिशू, मिनो आणि होसोकावा या तीन ठिकाणची ठरावीक कच्च्या मालाची आणि ठरावीक रीतीची परंपरा. तुमचा कागद मिनोत उचलला म्हणून तो ‘होन-मिनोशी’ होत नाही. प्रदर्शनाच्या पाटीवर ‘अमुक कार्यशाळेच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी केलेला कोझोचा हातकागद’ एवढं लिहा, आणि त्या पाटीवर कार्यशाळेचं नाव तिच्या परवानगीने घाला.

वर्षभराचा प्रकल्प असता तर मी मे महिन्यात विद्यापीठाच्या आवारात तोरोरो-आओई पेरायला सांगितलं असतं. उन्हाळाभर कळ्या खुडत राहायच्या, म्हणजे झाडाचा जोर मुळात उतरतो. या झाडाची लागवड मुख्यतः इबाराकी प्रांतातल्या ओमितामाच्या आसपास उरली आहे आणि शेतकरी वयस्क झाले आहेत. पुढच्या तुकडीसाठी हा निरोप ठेवून या.

परत आल्यावर काय? आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला कागदाची जुनी परंपरा आहे आणि पुण्यात १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. तिथला कागद मुख्यतः चिंध्यांचा, त्याचा तंतू आखूड, उचलण्याची पद्धतही वेगळी. तेव्हा जपानी पद्धत तिथे जशीच्या तशी लावायला जाऊ नका, शेजारी ठेवून दोन्ही बघा. स्वतः करून बघायचं असेल तर रेशीम शेतीच्या तुतीकडे वळा. जालना-बीडकडे अळ्यांना पाला घातल्यावर तुतीच्या फांद्या उरतात. ही तुती कागदी तुतीच्याच कुळातली, आणि चीनमध्ये तुतीच्या सालीचा कागद जुना आहे. डिसेंबर-जानेवारीतली थंड पहाट, १५ टक्के सोडा, आणि नेरीच्या जागी भेंडीच्या खोडाचा गाळलेला रस, असा अर्ध्या किलोचा घाणा लावून बघा. काळी पापडी खरवडताना तिच्याखालचा हिरवा थरही पूर्ण काढा, तो राहिला तर उकळल्यावर कागद हिरवट-काळपट येतो आणि नंतर कितीही धुतलं तरी तो रंग जात नाही.